गाडी सेल्फ घेत नाही? बॅटरी बदलायच्या आधी जरा ऐका, मग मोजा

दोन वर्षांआधीची गोष्ट. डिसेंबरातली सकाळ, साडेसहा वाजलेले, नागपूरच्या मनीषनगरात बिल्डिंगखाली मी आणि माझी जुनी पेट्रोल हॅचबॅक. आईला अजनी स्टेशनवर सोडायचं होतं आणि किल्ली फिरवली तर गाडी घुर्रर्र... घुर्र... घु... करून गप्प. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतूनच म्हणाले, "बॅटरी गेली रे बाप्पा, थंडीत जातेच." वॉचमन म्हणे धक्का द्या. शेवटी ऑटो केला, आणि संध्याकाळी साडेचार हजाराची नवी बॅटरी टाकून घेतली. आठ दिवस मस्त चालली. नवव्या दिवशी परत तेच घुर्रर्र.

मग एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने बॉनेटही उघडलं नाही, नुसतं म्हणाला मारा सेल, म्हणजे किल्ली फिरवून सेल्फ चालवा. ऐकलं, मग मीटर लावला आणि मला विचारलं, "बॅटरी तं नवी दिसून राहिली, काऊन बदलली होती भाऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रॉब्लेम निघाला इंजिनपासून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत, ती आतून हिरवी पडून सडली होती, नवी पट्टी दीडशेच्या आत आली. तेव्हापासून मी मल्टीमीटर घेतला (सीताबर्डीच्या बाजारात साधा डिजिटल मिळतो, फार महाग नसतो) आणि बिल्डिंगमधल्या निदान आठ-दहा गाड्या तपासून झाल्या. मी मेकॅनिक नाही, पण ज्या क्रमाने बघायचं तो क्रम आता पक्का बसलाय, तोच इथे लिहितोय.

आधी कान द्या

"गाडी स्टार्ट होत नाही" हे एकच वाक्य आपण तीन वेगवेगळ्या आजारांसाठी वापरतो आणि इथेच पैसे जातात. किल्ली फिरवल्यावर नेमकं काय होतं ते बघा.

एक, सेल्फ (इंजिनला पहिला फिरवा देणारी मोटर) फिरतच नाही किंवा रडत रडत फिरतो. हे करंटचं दुखणं, म्हणजे बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, सेल्फ मोटर यातलं काहीतरी. पेट्रोल, प्लग, पंप यांच्याकडे बघायचंच नाही अजून.

दोन, सेल्फ नेहमीसारखा जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. बॅटरी चांगली आहे म्हणूनच तो फिरतोय ना, मग बॅटरी बदलून काय मिळणार? इथे पेट्रोल, स्पार्क, सेन्सर बघायचं.

तीन, इंजिन पकडतं आणि दोन-चार सेकंदात बंद पडतं. हे बहुतेक वेळा हवेचं किंवा इमोबिलायझरचं (चावी ओळखली नाही तर इंजिन बंद ठेवणारं चोरीविरोधी यंत्र).

आणि हो, सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो, डिझेल तर त्याच्याही वर, सलग मारत बसलं की मोटर तापते आणि असलेली बॅटरीही बसते.

सेल्फ फिरत नाही किंवा रडतो

पहिले फुकटातली टेस्ट. हेडलाइट लावा आणि कोणालातरी सेल मारायला सांगा, तुम्ही समोर उभे राहा, पण गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला, हे विसरू नका. लाइट एकदम मंद झाला किंवा विझला तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी खराब आहे. लाइट ढिम्म तसाच राहिला आणि सेल्फचा आवाजही नाही तर सेल्फपर्यंत सिग्नलच जात नाही. या दुसऱ्या केसमध्ये क्लच पूर्ण दाबून बघा, बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, आणि पायाखालची मॅट अडकून क्लच पूर्ण जात नसल्यामुळे लोकांनी टोइंग बोलावलेलं मी स्वतः पाहिलंय. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर पार्कमधून न्यूट्रलला आणून मारा. बटन स्टार्ट असेल आणि डॅशबोर्ड चावी सापडत नाही म्हणत असेल तर चावीतला नाण्यासारखा सेल संपलाय (बहुतेक २०३२ नंबरचा असतो), चावी बटनाला चिकटवून धरा आणि बटन दाबा, बऱ्याच गाड्या अशाने चालू होतात, काहींत चावी ठेवायची जागा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

आवाजही फरक सांगतो. टकटकटकटक अशी मशीनगन म्हणजे बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल सैल. एकच मोठा "टक" आणि मग शांतता म्हणजे सोलेनॉइड (सेल्फवरचा करंट जोडणारा विजेचा खटका) ओढतोय पण मोटर फिरत नाही, सेल्फचे कार्बन ब्रश घासले असायची शक्यता मोठी. अशा वेळी सेल्फच्या बॉडीवर लाकडी दांड्याने हलकेच दोन टोले मारले की कधीकधी एकदा चालू होते, पण ते गॅरेजपर्यंत जाण्यापुरतंच समजा.

आता बॉनेट उघडा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं बुरशीसारखं जमलंय का? हाताने टर्मिनल फिरवून बघा, जरासुद्धा फिरलं तर सैल आहे. साफ करताना आधी मायनस काढायचा, मग प्लस. लावताना उलट, आधी प्लस, शेवटी मायनस. कारण साधं आहे, मायनस लागलेला असताना प्लसवरचा पाना चुकून बॉडीला टेकला की असा जाळ निघतो की पाना चिकटून बसतो. (अंगठी, कडं काढून ठेवा.) खायचा सोडा घातलेलं गरम पाणी टाकलं की बुरशी फसफसून निघते, मग जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, काचकागदाने आतून चकाकी आणा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. मी पाहिलेल्या गाड्यांपैकी तीन तर एवढ्यावरच चालू झाल्या. एक सूचना, बॅटरी काढली की काही गाड्यांत म्युझिक सिस्टिमचा कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा.

मीटर लावा, अंदाज नको

मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिली असेल तर सकाळी काही चालू करायच्या आधी बॅटरीच्या दोन टोकांवर बघा. १२.६ च्या वर म्हणजे फुल चार्ज. १२.४ म्हणजे पाऊणएक. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली तर उतरलेलीच समजा, आधी चार्ज करा आणि मगच पुढचं बोला, उतरलेल्या बॅटरीवर बाकी कुठलीच टेस्ट खरी येत नाही.

दुसरं रीडिंग सेल मारताना. चार्ज असलेली बॅटरी सेल मारताना साधारण ९.६ च्या खाली जायला नको. १२.६ दाखवणारी बॅटरी सेल मारताच ८ वर आली तर ती आतून संपलेली आहे, बदला, बिनधास्त.

पण समजा सेल्फ रडतोय आणि बॅटरी मात्र सेल मारताना ११ च्या आसपास टिकून आहे, तर? माझं नेमकं हेच होतं आणि मला वाटलं ११ म्हणजे बॅटरीच कमजोर. उलट आहे ते. बॅटरीवर लोडच येत नाहीये, म्हणजे करंट वाटेत कुठेतरी अडलाय. नळाला प्रेशर आहे पण पाइप चोंदलाय. (इलेक्ट्रिशियनने हेच सांगितलं, फक्त थोड्या शिव्यांसकट.) मग तिसरं रीडिंग घ्यायचं, आणि हे फार कमी लोक घेतात. मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर, लाल वायर इंजिनच्या कोऱ्या लोखंडावर, आणि सेल मारायला सांगा. ०.२-०.३ पर्यंत आलं तर अर्थिंग ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर मायनसची केबल, बॉडीची पट्टी, नट, यांतलं काहीतरी खराब. माझ्या गाडीत पावणेदोन व्होल्ट तिथेच खात होतं. असंच बॅटरीचा प्लस आणि सेल्फचा मोठा बोल्ट यांच्यामध्ये पण बघता येतं, तिथेही अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. दोन्हीकडे ठीक आणि बॅटरीही ठीक असेल तर सेल्फ काढून रिपेअरला द्या, बहुतेक वेळा ब्रश आणि बुश बदलून काम होतं, नवीन सेल्फ घ्यायची घाई नको.

चौथं रीडिंग गाडी चालू झाल्यावर. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ यायला पाहिजे. एसी, हेडलाइट, ब्लोअर सगळं लावून पण १३.५ च्या आसपास राहिलं तर अल्टरनेटर (आपल्याकडे अजूनही डायनॅमोच म्हणतात) चांगला आहे. साडेबारावरच अडकलं तर चार्जिंग होत नाही, आधी बेल्ट बघा. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय, तो बॅटरी उकळवून टाकेल. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे एका रीडिंगवर निकाल लावू नका.

मग बॅटरी मारतो कोण? आपला उन्हाळा

काकांचं ते "थंडीत जातेच" अर्धंच खरं आहे. बॅटरी जाते मे महिन्यात, कळतं डिसेंबरात. नवतपात (मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त, त्यात बॅटरीचं पाणी उडतं, आतल्या प्लेटा गंजतात, पण उन्हात इंजिन ऑइल पातळ असतं म्हणून मेलेली बॅटरीसुद्धा कशीबशी फिरवून नेते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली आला की ऑइल जाड, बॅटरीची ताकद कमी, आणि मग एका सकाळी पितळ उघडं पडतं. म्हणून बॅटरी तपासायची खरी वेळ म्हणजे दिवाळीच्या आधी. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पाणी बघा, फक्त डिस्टिल्ड टाका, आरओचं नको, नळाचं तर नाहीच. आणि ॲसिड कधीच ओतू नका, कमी होतं ते पाणी.

रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर कुठलीतरी चोरवाट आहे. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, डिक्कीतला लाइट. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटला लावून मायनस टर्मिनल आणि त्याची केबल यांच्यामध्ये जोडा, दरवाजे बंद, लॉक, अर्धा तास थांबा म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर झोपतात, मग रीडिंग घ्या. ५० मिलीअँपिअरच्या आत ठीक. २०० आलं तर हिशेब करा, दिवसाला जवळपास ५ अँपिअर-अवर, म्हणजे ३५ ची बॅटरी चार दिवसांत अर्ध्याच्या खाली. मग एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडला त्या सर्किटमध्ये चोर. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो, नाही तर मीटरच जातो.

जंप स्टार्ट

रस्त्यात अडकलात तर क्रम असा:

१. लाल केबल मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला.
२. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला.
३. काळीचं दुसरं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या जाड लोखंडाला, बॅटरीपासून लांब. मेलेल्या बॅटरीवर नाही, कारण तिथे हायड्रोजन साचलेला असू शकतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते.
४. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग दुसरी मारा. काढताना उलट्या क्रमाने.

बॅटरी फुगलेली किंवा फुटलेली असेल तर जंप करायचंच नाही. चालू झाल्यावर गाडी दहा मिनिटं दारात घरघर करत ठेवून काही चार्ज होत नाही, सरळ वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन या, आणि तरी जमलं तर घरी आल्यावर चार्जर लावा. धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअलला, दुसऱ्या गिअरमध्ये, आणि एक-दोनदाच, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या पाइपमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लावतं.

सेल्फ जोरात, पण इंजिन पकडत नाही

आधी काट्याकडे बघा, हसू नका, पेट्रोल संपलेल्या गाडीचा प्लग बदलणारे लोक आहेत. मग डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा गाडीचं चिन्ह चमकतंय का? चमकत असेल तर इमोबिलायझर चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावा.

म्युझिक, ब्लोअर बंद करा, किल्ली फक्त ऑनवर आणा आणि मागच्या सीटखाली कान द्या. पेट्रोल गाडीत दोनेक सेकंद बारीक "झुंऽऽ" येतं, तो पंप. आवाज नाही आला तर पंपाचा फ्यूज बघा, मग रिले (फ्यूजबॉक्समधला विजेचा छोटा खटका). हॉर्नचा रिले बहुतेक त्याच नंबरचा असतो, अदलाबदल करून बघा, दोन मिनिटांचं काम. आवाज येतोय पण सकाळी पहिल्यांदा खूप वेळ सेल मारावा लागतो असं असेल तर किल्ली ऑन-ऑफ तीनदा करा, दरवेळी दोन सेकंद थांबा, मग सेल मारा. झटक्यात चालू झाली तर रात्रीतून लाइनमधलं प्रेशर उतरतंय, पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे न जाऊ देणारा) किंवा गळणारा इंजेक्टर.

सीएनजीवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. बहुतेक सीएनजी गाड्या चालू पेट्रोलवरच होतात आणि मग गॅसवर जातात. पण आपण काय करतो, पेट्रोल कायम रिझर्व्हला. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, ते नसलं की तापून जळतो, वर सहा महिने पडलेलं तेच शिळं पेट्रोल. इथेनॉलवालं पेट्रोल हवेतली ओल पण ओढतं. आठ-दहा लिटर ठेवा आणि आठवड्यातून एकदा काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

पेट्रोलचा भपकारा येत असेल तर इंजिन फ्लड झालंय. एक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि पाच सेकंद सेल मारा, बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत असं केलं की पेट्रोल बंद होऊन नुसती हवा जाते. जुन्या लोकांची प्लग काढून बॉडीला टेकवून ठिणगी बघायची पद्धत नव्या कॉइलवाल्या गाड्यांत करू नका, कॉइल किंवा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. प्लग काढून रंग मात्र जरूर बघा, फिकट तपकिरी म्हणजे छान, काळा काजळीचा किंवा ओला म्हणजे पेट्रोल येतंय पण जळत नाहीये.

आणि आता आपल्या नागपुरी उन्हातलं खास दुखणं. सकाळी टुणकन चालू होते, दुपारी सदर बाजारात सावली न मिळाल्याने उन्हात लावली, अर्ध्या तासाने आलात तर सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, आणि रसवंतीवर दोन ग्लास रस पिऊन आलात की परत चालू. हा बहुतेक वेळा क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा. गरम झाला की आतलं कॉइल तुटतं, थंड झालं की जुळतं. ओळखायची खूण, सेल मारताना आरपीएमचा काटा जरा तरी हलायला पाहिजे, अगदी ढिम्म असेल तर संशय पक्का, जरी सगळ्याच गाड्यांत काटा हलत नसला तरी. मोबाइलला जोडायचा छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) असेल तर या सेन्सरचा पी०३३५ कोड दिसू शकतो. गरम असतानाच मेकॅनिकला दाखवा, थंड झाल्यावर तो म्हणेल भाऊ काहीच नाही झालं.

डिझेलचं थोडक्यात: थंडीत कॉइलचा पिवळा लाइट विझेपर्यंत थांबा, तरी त्रास असेल तर ग्लो प्लग (सिलिंडर आतून तापवणारे) तपासा. फिल्टरमधलं पाणी काढा. टाकी एकदा कोरडी झाली तर लाइनमध्ये हवा जाते, फिल्टरवरचा हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा.

पकडते आणि बंद पडते

एक्सिलरेटर जरासा दाबून ठेवला की चालू राहते, सोडला की बंद, असं असेल तर थ्रॉटल बॉडीत (इंजिनला हवा सोडणारी पाकळी असते तो भाग) काजळी जमलीय. एअर फिल्टरचा पाइप काढा, थ्रॉटल क्लीनर कपड्यावर मारून पुसा, पाकळी हाताने जबरदस्तीने ढकलू नका. एक्सिलरेटर देऊनही दोन सेकंदात बंद म्हणजे परत इमोबिलायझर किंवा पंप.

एक कारण कुठल्याच सदरात बसत नाही ते म्हणजे उंदीर. काल चांगली होती, आज सगळे लाइट पेटलेत आणि इंजिन थरथरतंय, तर आधी बॉनेटमध्ये लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी बघा. लोक तंबाखूची पानं ठेवतात, आमच्या वॉचमनने तर अर्धी खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीची) पन्नी बॅटरीजवळ ठेवली होती, उंदीर गेला की नाही माहीत नाही, पन्नी मात्र दुसऱ्या दिवशी कोणीतरी उचलली.

आणि पाण्यात बुडालेली गाडी. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा किती पार्किंगमध्ये पाणी शिरलं ते आठवत असेल. अशी गाडी बाहेर काढल्यावर "बघू चालू होते का" म्हणून सेल मारायचा नाही म्हणजे नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजाराचं काम लाखावर जातं, शिवाय विमा कंपनी पण तोंड वाकडं करते. बॅटरीचा मायनस काढा, फोटो काढा, टोइंग बोलवा.

गॅरेजला जायची वेळ आलीच तर "बॅटरी बघा" म्हणू नका. कोणता आवाज येतो, गरम असताना की थंड असताना, आणि चारही रीडिंग मोबाइलमध्ये लिहून न्या. माझी ती "गेलेली" जुनी बॅटरी मी एक्सचेंजमध्ये काही शे रुपयांत दिली होती, नंतर कळलं की दुकानात काम करणाऱ्या पोराने ती चार्ज करून स्वतःच्या मामाच्या गाडीत टाकली. पोरगा मागच्या महिन्यात भेटला. म्हणे अजून चालून राहिली.